हिराबायचे एकरंगी पत्ते

सकाळी मी वलांडीवर, बांबूंना ताणलेल्या दोऱ्यांवर, बोंबील सुकायला टांगत होते. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि जोडी दोरीवर सोडून द्यायची, हे काम हात आपोआप करतात. हिराबायची सून दर्शना कुडापाशी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “बाय उठली नाय.” मी हातातली जोडी टांगली, पुढची घेतली, तीही टांगली... मग ती काय म्हणाली ते मला कळलं. शेजारच्या ओटीवर ऊन आलं होतं आणि हिराबाय तिथं बसलेली नव्हती.

नवापूरला आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. मी लग्न होऊन आले तेव्हा चार बायकांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. हिराबाय माझ्याहून बरीच मोठी, नवरा तरुणपणीच गेलेला. सुकी मासळी विकायला बोईसरच्या बाजारात मला तिनेच नेलं. हाक ती द्यायची, मी खाली मान घालून माप भरायची. मासळी खपली तरी ती लगेच घरी निघत नसे. रिकाम्या टोपलीवर फडकं टाकायची आणि रंग गोळा करत फिरायची.

त्याचं असं होतं. मासेमारी बंद असते त्या दिवसांत आमच्याकडे पुरुष होड्यांच्या सावलीत पत्ते खेळत बसतात. पत्ते मळले, दुमडले की टाकून देतात. हिराबाय ते घरी आणायची, ओल्या फडक्याने पुसायची आणि त्यांच्यावर रंग बसवायची. एका पत्त्यावर रंग एकच. निळ्यावर तुटक्या जाळ्याचा धागा, ताडपत्रीची चिंधी, भरतीने घासून गुळगुळीत केलेली काचेची कपची. हिरव्यावर फुटक्या बांगड्या, गोळीचा कागद, खडकावरचं वाळलेलं शेवाळ. मैद्याची खळ शिजवायची आणि एकेक तुकडा बोटाने सरकवत बसायची. विकत काही आणायचं नाही, वस्तू आपणहून समोर आली पाहिजे, हा तिचा नेम. पत्ता जवळून बघितला तर चिंधी, बांगडी ओळखू यायची. जरा लांब धरला की सगळं विरघळून नुसता रंग उरायचा... आणि त्यात डोळे बुडाल्यासारखे व्हायचे.

बाजारात एक उत्तरेकडचा शिंपी होता. तो तिला लांबूनच विचारायचा, “मौसी, आज कौन सा रंग?”

“आज गुलाबी हाय. पण मागच्यासारखा रडका नको.”

तो हसत कातरणांचं गाठोडं पुढं ढकलायचा. येताना रिक्षात ती मांडीवर चिंध्या पसरून गप्प बसायची. बाहेर खाडीचं पाणी, संध्याकाळचं आभाळ, आणि मला वाटायचं, रिक्षा त्या गुलाबीतूनच चालली आहे, नवापूर आलं नाही तरी चालेल.

एकदा तिने पांढरा पत्ता करायला घेतला. घोळ माशाचे खवले, औषधाच्या पाकिटाचा चंदेरी कागद, शिंपल्याचा आतला चमकता भाग. आभाळ भरून राहिलेलं, ऊन पडेना, आणि तिला धीर धरवेना. खवले तसेच ओलसर लावले. सकाळी पत्ता गायब. बघतो तर कुडाखाली मांजर त्यावर पाय रोवून चाटत बसलेलं. मी पोट धरून हसले.

“जन्मभर मासळी सुकवलीस बाय, नि खवले ओले लावलेस?”

“गप गो. मांजराला तरी आवडला. तुझा नवरा नुसताच नाक मुरडतो.”

पुढं तिचे डोळे अधू झाले. दुपारी मी जाऊन बसायची, एखादी चिंधी तिच्या हातात द्यायची. निळी म्हटलं की ती विचारायची, सकाळची निळी का दुपारची? मी बाहेर जाऊन आभाळ बघून यायची, मग सांगायची. ती डोळे मिटून चिंधी चोळत राहायची. तिला दिसत असावं.

दहाव्याला तिचं अंथरूण आणि कपडे खाडीत सोडायला काढले. तिच्या मुलाने, विनायकने, पत्त्यांचा डबाही त्या ढिगावर ठेवला. ओटीवर भावकीतले पुरुष बसले होते. “घरात पत्ते कशाला ठेवायचे? लोक म्हणतील, म्हातारी जुगार खेळायची,” तो म्हणाला. मी दाराआड उभी होते. डबा पाण्यात गेला की खळ सुटणार, तुकडे वेगवेगळे वाहत जाणार, आणि आम्ही सगळे घरी येऊन जेवायला बसणार... इतक्या पुरुषांसमोर मी कधी बोललेली नव्हते.

“विनायक, एकदा उघडून बघ. मग सोडायचं तर सोड.”

तो हलला नाही. मग मीच पुढं झाले, खाली बसले, डबा उघडला आणि पत्ते लाद्यांवर मांडत गेले. पुरुष वाकून बघायला लागले. दर्शनाला पिवळ्या पत्त्यात आपल्या हळदीच्या साडीचा काठ सापडला. एका म्हाताऱ्याने तपकिरी पत्ता उचलला, हे माझ्या जुन्या शिडाचं कापड, म्हणाला आणि तो पुन्हा जपून जागेवर ठेवला. विनायक निळ्यांसमोर बराच वेळ बसून होता. मग त्याने एकावर बोट टेकलं.

“काकी, हा माझ्या शाळेच्या शर्टाचा खिसा हाय. मी फाडला म्हणून लय मारलं होतं तिने.”

त्याने तो पत्ता उचलून स्वतःकडे ठेवला, बाकीचे एकेक करून डब्यात भरले आणि डबा माझ्या हातात दिला. अंथरूण आणि कपडे तेवढे खाडीवर गेले.

तिची ओटी मात्र अजून तिलाच धरून आहे. दर्शना झाडते तेव्हा लाद्यांच्या सांधीतून काहीतरी निघतंच. चमकीचा कण, जरीचा धागा. ती ते कचऱ्यात टाकत नाही, तळहातावर घेऊन माझ्याकडे येते. परवा एक लाल टिकली निघाली. पत्त्यासाठी राखून ठेवलेली असेल... किंवा नवरा होता तेव्हा, कधीतरी, तिच्याच कपाळावरून पडलेली. आम्हा दोघींना काही सांगता येईना.

मी ती अजून कशावर चिकटवलेली नाही.