कुरुंद्याच्या कॅप्टनबाई

सासऱ्यांचा फोन आला, "जावईबापू, गावानं प्रज्ञाचा सत्कार ठेवलाय. तिला घेऊन याच." मी लगेच हो म्हणालो. बायकोचा मात्र चेहरा पडला.

प्रज्ञा जहाजांच्या सुरक्षिततेवर संशोधन करते. कुणीही न चालवता आपली आपण चालणारी जहाजं एकमेकांवर आदळू नयेत, हे तिचं काम. सासरे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांना तिने एवढंच सांगितलं होतं, की मी जहाजांवर काम करते. बाकीचं त्यांनी मनानेच भरून घेतलं.

"ज्या माणसाने जन्मभर स्टिअरिंग धरलं, त्याला कसं सांगू, की माझ्या जहाजाला ड्रायव्हरच लागत नाही? त्यांना आपलं आयुष्य फुकट गेलं असं वाटेल," ती म्हणाली.

पुण्याहून पहाटे निघालो. बीड, परभणी करत दुपारी वसमत. गाडी मी चालवत होतो आणि शेजारी बसून ब्रेक मात्र प्रज्ञा मारत होती. माणसाविना चालणाऱ्या जहाजावर भरवसा ठेवणाऱ्या या बाईचा नवऱ्यावर काडीचा भरवसा नाही. वसमतला पिठलं-भाकरी खाल्ली, दोघांचं तीनशेत भागलं. रस्त्याकडेला हळद वाळत असेल तर काचा उघड्या ठेवा, वास छान येतो.

कुरुंद्यात शिरतानाच बॅनर दिसला: 'गावाची शान, कॅप्टन प्रज्ञाताई'. मला हसू आवरेना. ती मात्र सीटमध्ये खाली सरकली.

शाल, नारळ झाल्यावर तिने माईक घेतला आणि सगळं खरं सांगून टाकलं. मागून एक आजोबा म्हणाले, "मंग हॉर्न कोन वाजवतं?" सगळे हसले. सासरे हसले नाहीत. रात्री जेवणावरून ते अर्ध्यातच उठले.

सकाळी निघताना म्हणाले, "वसमतपातूर येतो, रस्ता दाखवतो." रस्ता एकच आहे, तरी मी त्यांच्यासाठी पुढचं दार उघडलं. प्रज्ञा चालवायला बसली, सासरे तिच्या शेजारी, मी मागे. समोर ट्रॅक्टर आला आणि सासऱ्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. हा रोग कुठून आलाय ते मला तेव्हा कळलं.

"इतके वर्स काहून सांगितलं न्हाईस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, बाबा."

"वाटलंच की. झोप न्हाई लागली." मग त्यांनी काच खाली केली. "तुझं जहाज कुठं ठोकलं, त जाब कोनाला इचारतात?"

"मला. तपासून सही मीच करते."

"मंग ठीक हाय."

वसमत स्टँडवर ते उतरले. परतीची एसटी उभीच होती. तिच्या ड्रायव्हरला त्यांनी मुद्दाम हाक मारून खाली बोलावलं आणि लेकीची ओळख करून दिली, "ही बी आपल्याच लाईनीतली." प्रज्ञाला रडू आलं. मलाही आलं.

पुण्यात येऊन आठवडा झाला. गाडीत हळदीचा वास अजून आहे. प्रज्ञा शेजारी बसून अजूनही ब्रेक मारते. फरक इतकाच, की आता ती चालवते तेव्हा मीही मारतो.