गोठ्याची मालकीण

नव्वदीच्या दशकात आम्ही पुण्याहून गाझियाबादच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा सोसायटीसमोर एक जुना गोठा आणि त्याला लागून भुसा साठवायची मातीची खोली तेवढी उरली होती. बाकी शेत विकलं गेलं होतं. सकाळी बाल्कनीतून मला तिथली म्हातारी दिसायची. पदर कमरेला खोचून ती त्या खोलीची भिंत शेणमातीने लिंपायची, मागे सरून बघायची आणि राहिलेल्या जागी पुन्हा हात फिरवायची.

एके दिवशी आमचा रस्ता सरळ करायला बुलडोझर आला. तिचे मुलगे जागा द्यायला तयार होते. म्हातारीने खाट ओढून गोठ्याच्या दारात टाकली आणि तिच्यावर बसली.

ठेकेदार म्हणाला, "अम्मा, अब यहाँ शहर बन गया. भैंस कौन रखता है?"

"मैं रखती हूँ."

मुलांनी तिला समजावलं, मग आवाजही चढवला. ती उठली नाही. दुपारी धाकटा मुलगा तिच्याशेजारी येऊन बसला, तेव्हा बुलडोझर परत गेला.

रस्ता शेवटी गोठ्याला वळसा घालून झाला. डांबर वाळल्यावर ती म्हशीला घेऊन त्याच रस्त्याने निघाली. ऑफिसला निघालेल्या आमच्या स्कूटर हॉर्न वाजवत मागे खोळंबल्या. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.