जुळा राक्षस

वहिनी गेल्याचा पुतण्याचा फोन आला तेव्हा मी चष्मा पुसत होतो. त्याला आता महिना झाला.

सत्तरच्या दशकात आम्ही कामठीला राहायचो. काचबिंदूने आईची दृष्टी गेली आणि तिने घराबाहेर पडणंच सोडलं. लग्न नाही, बारसं नाही. ‘लोक हात धरून बसवतात अन् विसरून जातात,’ म्हणायची. दादाने आणि मी किती समजावलं! वर्ष असंच गेलं. मग एका रविवारी दुपारी वहिनी आईला म्हणाल्या, “आत्याबाई, लुगडं बदला. आपण सिनेमाले जाऊन राहिलो.”

“मले काय दिसते वं तिथं?”

“मले दिसते न जी. दोघींले पुरते.”

पत्र्याच्या छताचं लहानसं थिएटर. बायकांच्या आणि पुरुषांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. मी भिंतीला लागूनच अलीकडे बसलो, पलीकडे आई आणि वहिनी. सिनेमा तलवारींचा, जादूचा. पाच-पाचदा पाहिलेली माणसं संवाद आधीच म्हणत होती. वहिनी सुरू झाल्या, “घोडा उडून राहिला, आत्याबाई. पंख बगळ्यावानी पांढरे...” मला संकोच वाटला. म्हटलं, “वहिनी, हळू बोला, लोक पाहून राहिले.” मागचा म्हातारा खेकसला, “बोलू दे गा तिले! आमाले तरी कुठं नीट दिसते?”

मध्यंतरानंतर ऑपरेटरने रिळांचा क्रम चुकवला. मघाशी मेलेला राक्षस पुन्हा गर्जत आला. शिट्ट्या सुरू झाल्या.

“हा तर मेला होता न वं?” आईने विचारलं.

वहिनी म्हणाल्या, “हा त्याचा जुळा भाऊ होय जी.”

“मग आवाज तोच काहून?”

“जुळ्यायचा आवाज एकच रायते!”

अख्खी रांग हसली. आणि आईही हसली, वर्षभरात पहिल्यांदा. परतताना रिक्षात ती माझ्या कानाशी म्हणाली, “रीळ चुकलं, ते समजलं होतं मले. पण किती जीव लावून सांगत होती गा ती...” मग वहिनींकडे वळून मोठ्याने, “पुढचा सिनेमा कधी लागते वं?”

त्यानंतर आई सगळीकडे गेली. शेजारी वहिनी असत. नवरीचा शालू, व्याह्यांचे चेहरे, पंगतीतली ताटं, सगळं सांगत. आई गेल्यावरही ती सवय सुटली नाही. टीव्हीपुढे एकट्या असल्या तरी बोलत. मुलं चिडवायची. मी कधी चिडवलं नाही, पण आभारही मानले नाहीत...

परवा त्यांच्या खोलीत बसलो होतो. पुतण्याने टीव्ही लावला होता, आवाज बंद करून. पडद्यावर एक स्वार दौडत आला. मी थोडा वेळ वाट पाहिली. मग मीच म्हणालो, “घोडा नदीपाशी थांबून राहिला.”

पुतण्याने खुर्ची जवळ ओढली. “मग, काका?”