पायलटनं परत दिलेली गोळी

काचीगुड्याच्या औषधाच्या दुकानात मी सर्दीची गोळी घ्यायला गेलो, तर शेजारी खांद्यावर सोनेरी पट्ट्या लावलेला एक पायलट उभा. तोही शिंकत होता. चिमटीत नाक धरून, तोंड मिटून जोरात फुंकायचा आणि मान हलवायचा. कान उघडत नव्हते. असे बंद कान घेऊन विमान उतरवताना पडदा फाटू शकतो, असं दुकानदार म्हणाला. दुपारी पायलटची ड्यूटी होती.

मी माझी पिवळी गोळी पुढं केली. म्हटलं, ही खा. हीच खाऊन तीस वर्षं बस चालवली, सर्दीपायी एक सुट्टी घेतली नाही.

त्यानं पाकिटामागची बारीक इंग्रजी अक्षरं वाचली. मला ती कधी वाचता आली नाहीत.

"चाचा, इससे नींद नहीं आती थी?"

"आती थी ना! झहीराबाद के रस्ते पे तो आँखां मिच जाते थे."

"फिर बस कौन चलाता था?"

त्यानं गोळी परत दिली, फोन लावला आणि आज उडणार नाही म्हणून कळवलं. आवाजात जराही लाज नव्हती. त्याचाच मला राग आला.

सुट्टी घेतली नाही हे मी अजून सगळ्यांना सांगतो. गोळीचं सांगत नाही.