अक्कानं विणकाम का घेतलं

माझी थोरली बहीण सुलक्षणा. आम्ही तिला अक्का म्हणायचो. घाटकोपरच्या आमच्या चाळीत ती गरीब गाय म्हणून प्रसिद्ध होती. चाळीला काय कळतंय! तिच्याइतकी डूख धरणारी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे.

छप्पन्न साली चित्रकलेचा डिप्लोमा घेऊन ती आग्रा रोडवरच्या एका साड्यांच्या कारखान्यात डिझायनर म्हणून लागली. नव्या माणसानं सहा महिने सगळं शिकायचं आणि मग छपाई की विणकाम, एक काय ते धरायचं, अशी तिथली रीत. अक्काचा जीव छपाईत. फुलं, वेली, रंगांच्या बाटल्या, खिडकीजवळचं टेबल. तिसऱ्याच महिन्यात तिनं जाईची एक वेल काढली. मुख्य डिझायनर नंदकिशोरनं ती 'बघतो' म्हणून नेली, खाली स्वतःची सही ठोकली आणि शेठना दाखवली. साडी हातोहात खपली. दिवाळीत शेठनी सगळ्यांसमोर नंदकिशोरला शाल दिली, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत अक्कालाही उभं राहावं लागलं. त्या दिवशी ती घरी जेवली नाही.

"शेठना सांग ना," मी म्हटलं.

"पुरावा काय आहे गं माझ्याकडे? थांब तू. त्याची अशी जिरवते ना, बघच."

सहा महिने भरले आणि शेठनी विचारल्यावर तिनं विणकाम मागितलं. सगळे चाट पडले. विणकामाचं डिझाइन म्हणजे बारीक चौकटींच्या कागदावर एकेक चौकट रंगवायची, एक चौकट म्हणजे एक धागा. पण नंदकिशोरचा सगळा जन्म छपाईत गेलेला. चौकटींचा कागद त्याला वाचता येत नव्हता आणि तसं कबूल करायची त्याची छाती नव्हती. आमचे बाबा मात्र वीस वर्षं परळच्या गिरणीत मागावर. अक्कानं हे नेमकं हेरलं होतं.

एका रविवारी तिनं मोराच्या बुट्ट्याचा कागद बाबांपुढे पसरला. बाबांनी एका जागी बोट ठेवलं. "ह्यो धागो मागसून इतको लांब कित्याक सोडलंस गो? काकणात अडाकतलो."

खरंच चुकलं होतं. कागदावर मोर देखणा, पण विणल्यावर साडीच्या उलट्या बाजूला धागे लोंबणार आणि बांगड्यांत अडकणार. अक्का कागद फाडायला निघाली, मग थांबली आणि हसली. सोमवारी तिनं तो तसाच नेऊन टेबलाच्या खणात ठेवला आणि ती जेवायला गेली. परत येते तो खण रिकामा.

दोन आठवड्यांनी नमुन्याची साडी मागावरून उतरली. शेठनी उलट्या बाजूनं हात फिरवला, तर अंगठीत धागे अडकून अख्खा मोर गोळा झाला.

"नंदकिशोर, ये क्या है? धागे कुठे बांधायचे, कागदावर दाखव!"

नंदकिशोर स्वतःच्या सहीचा कागद उलटासुलटा करत राहिला. मग घाम पुसत म्हणाला, "शेठ, डिझाइन माझं नाही. ह्या बाईंचं आहे."

"हो, माझंच," अक्का म्हणाली. "जाईची वेलसुद्धा माझीच होती. सही मात्र दोन्हींवर ह्यांची."

शेठनी नंदकिशोरकडे पाहिलं. त्यानं कागद पाठीमागे लपवला. शेठना काय समजायचं ते समजलं.

"बाई, दुरुस्त होईल?"

"होईल. पण कागदावर नाव माझं, आणि ते हेच लिहितील. काम होईपर्यंत इथंच उभं राहून बघतील. शिकायला बरं."

सगळ्या कारखान्यादेखत नंदकिशोरनं कोऱ्या कागदावर तिचं नाव लिहिलं. आता गंमत अशी, की दुरुस्त केलेला कागद अक्काच्या पिशवीत तयार होता. घरीच रंगवला होता तिनं. तो तिनं बाहेर काढलाच नाही. ती सावकाश एकेक चौकट नव्यानं रंगवत बसली आणि नंदकिशोर चार तास तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. पाय दुखले असतील त्याचे. दुखू देत. मला विचाराल तर चार तास कमीच झाले.