गौराक्काच्या रानातली आंबील

सोलापूर मागं टाकून मोटार जुन्या निजामी हद्दीत शिरली आणि करोडगिरीच्या नाक्यावर (जकातीच्या चौकीवर) शिपायानं माझी ट्रंक उघडायला लावली. आत दोन धोतरं, एक घोंगडी आणि माझी पितळी पळी. पळी उलटीसुलटी करत तो माझ्याकडं संशयानं बघायला लागला. मी ताठ होऊन सांगितलं, "मी आचारी आहे. आमच्या देवीचा नैवेद्य मी रांधतो. तीस वर्षं झाली. एकदा करपला नाही, एकदा सांडला नाही."

"इतना कौन पूछा, चाचा?" असं म्हणून त्यानं पळी परत ट्रंकेत टाकली. मोटारीतली माणसं हसली. हसू देत बापडी! माझ्या कामाचा मला गर्व आहे आणि तो मी कधी लपवला नाही.

मी कृष्णाकाठचा. हैद्राबादच्या मुलखात येण्याचं कारण म्हणजे शिवप्पा आणि त्याची बायको गौराक्का. रझाकारांच्या धामधुमीच्या वर्षी हे दोघं घरदार सोडून हद्दीपलीकडं पळाले आणि फिरत फिरत आमच्या देवळाच्या धर्मशाळेत येऊन राहिले. रोज प्रसादाच्या पंगतीला बसायचे. गौराक्काच्या उशाला ज्वारीची एक छोटी गोणी असायची. एक दिवस मी खवचटपणे विचारलं, "बाई, धान्य उशाला घेऊन प्रसाद मागता?" ती शांतपणे म्हणाली, "हे आमचं न्हाई मामा. भुईचं हाय. तिचं बी तिला परत द्यायचंय." त्या दिवसापासून तिच्या पानात माझ्या हातानं एक मूद जास्त पडायला लागली.

पोलीस अ‍ॅक्शन झाली, माणसं आपापल्या गावी परतली. पुढच्या वर्षी शिवप्पाचं पत्र आलं. दोन वर्षं पडीक राहिलेल्या रानात पुन्हा पेरा झालाय, येळवशीला (मार्गशीर्षातल्या अमावास्येला) रानात जेवायला या, तुम्ही आल्याबिगर गौरा ताट वाढणार न्हाई. मग काय, पुजाऱ्यांकडून चार दिवसांची सुट्टी भांडून घेतली आणि निघालो.

हुलसूरच्या अलीकडं फाट्यावर शिवप्पा बैलगाडी घेऊन उभा होता. कपाळभर विभूती, अंगात नवी बाराबंदी. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कमरेइतकी ज्वारी, मधूनच तुरीच्या पिवळ्या फुलांचे पट्टे. वाटेत भेटणारा माणूस शिवप्पाशी कानडीत सुरू करायचा आणि मराठीत संपवायचा. मला त्याची मोठी मौज वाटली.

घरी पोचलो तर गौराक्का आंबिलीच्या मडक्याशी बसलेली. ज्वारीचं पीठ शिजवून, ताक घालून तीन दिवस आंबवलेलं. वास घेतला आणि मी उडालोच.

"अहो, लसूण! नैवेद्यात लसूण?"

"व्हय. कामून?"

"देवाला लसूण चालत नाही."

"तुमच्या देवीला न्हाई चालत. आमच्या भुईला लई आवडतो." ती हसत हसत ढवळत राहिली. "मामा, हे मडकं त्या गोणीतलं हाय. पेरून चार शेर उरलं, ते दळलं. दोन वरीस रान उपाशी हाय. मी बी दोन वरीस आंबिलीला तोंड लावलं न्हाई. उद्या तिनं खाल्लं की मग मी."

मला पटलं नव्हतं, लसूण तर मुळीच नाही. पण चार शेर ज्वारी बाईनं उपाशीपोटी सांभाळली, हे ऐकून ऊर भरून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मडकं डोक्यावर घेऊन चालत निघाली होती. मीच आडवा आलो. "छे छे! नैवेद्य सांभाळणं हे आमचं काम. तुम्ही पुढं व्हा, मी गाडीतून मांडीवर घेऊन येतो." तिनं एकदा मडक्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि मडकं माझ्या हाती दिलं. भाजीची टोपली घेऊन ती ओढ्याच्या पायवाटेनं पुढं गेली.

शिवप्पाचं रान जिथं सुरू होतं तिथंच चाक दगडावर चढलं आणि दाणकन खाली आदळलं. मडकं गाडीच्या दांडीला लागलं. जरा वेळानं मांडी ओली लागली. वाटलं, हिंदकळलं असेल. मग धोतर चिंब झालं. मडक्याच्या पोटाला तडा गेला होता, आंबील माझ्या मांडीवरून फळीच्या फटीतून खाली जात होती. बोलायला हवं होतं. "शिवप्पा, थांब" एवढंच म्हणायचं होतं. पण तीस वर्षांचा तोरा जिभेवर बसला होता. मी तडा तळव्यानं दाबून धरला आणि मुकाट बसलो. एका बाजूला ओढा, म्हणून गाडीवाट उरलेल्या तीन बाजूंनी रानाला वळसा घालून कोपीकडं (कडब्याच्या खोपीकडं) जात होती. तेवढा सगळा वेळ मी बसून होतो. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडले होते. पुढं बाजरीचे उंडे (उकडलेले गोळे), शेंगापोळ्या, खीर, आणि तूर-पावटा-हरभऱ्याच्या हिरव्या दाण्यांची भज्जी (बेसन लावलेली पातळ भाजी). मधली जागा आंबिलीसाठी मोकळी ठेवलेली. गौराक्का हात पुढं करून उभी राहिली.

मी मडकं तिच्या हातात दिलं. हलकं लागताच तिचा चेहरा उतरला.

"फुटलं," मी म्हणालो. "मघाच फुटलं. मी बोललो नाही."

शिवप्पानं कपाळाला हात लावला. "आता काय करायचं? शेजारच्या रानातून आणू का?"

"दुसऱ्याच्या दाण्याचं कसं चालंल?" तिचा आवाज चिरकला. डोळे पुसत ती गाडीच्या मागं गेली, आम्ही आलो ती वाट बघत. आणि तिथंच थांबली. मग एकदम ओरडली, "अवं, इकडं या की! बघा की!"

चाकोरीशेजारी पांढरट ओली रेघ गेली होती. बांधाबांधानं, रानाच्या तिन्ही बाजूंनी. मुंग्या लागल्या होत्या, साळुंक्या टिपत टिपत रेघेमागून येत होत्या. तिथली रीत अशी की पूजा झाली म्हणजे घरधन्यानं आंबील रानाभोवती शिंपत फिरायचं. त्याला चर शिंपणं म्हणतात.

"पूजेच्या आधीच?" शिवप्पा अडखळला. "उलटं झालं की गं."

"कुठलं उलटं! दोन वरीस उपाशी हाय ती. आपण वाढंपर्यंत तिला दम निघाला न्हाई, तिनं घेतलं. माझ्या उशाचं तिच्या पोटात गेलं का न्हाई?" आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "मामा, कामून रडायलाव? वाढपी तुम्हीच झालाव!"

मडक्याच्या बुडाशी पेलाभर उरली होती. ती तिनं पाच दगडांपुढं ठेवली. शिवप्पा रिकामं मडकं घेऊन रानाभोवती फिरला, "ओलगे ओलगे, सालम पोलगे" अशी येळवशीची हाळी देत. शेजारच्या रानांतूनही तीच हाळी उठली. नैवेद्य झाल्यावर गौराक्कानं पहिला घोट स्वतः घेतला, दोन वर्षांनी. डोळे मिटून घेतला. दुसरा मला दिला. लसूण, जिरं, आंबट थंडगार चव. खोटं कशाला बोलू, माझ्या हातून असं काही कधी उतरलं नव्हतं.

मी परत आलो. सुगी संपली तेव्हा शिवप्पाच्या गावचा एक माणूस आमच्या देवळात आला आणि चार शेर ज्वारी माझ्यापुढं ठेवून गेला. त्याच रानातली. मी ती दळली, तीन दिवस आंबवली, लसूण ठेचून घातला. पहिली पळी परसात भुईवर ओतली. मग वाटी भरून देवीपुढं ठेवली.

पुजाऱ्यांनी नाक मुरडलं. "लसणाचा वास येतोय हो!"

"येणारच," मी म्हणालो. "गौराक्काच्या रानातली आहे."