काकांचा चारचा आकडा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या तालुक्याच्या गावातल्या टायपिंगच्या बाईंचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. बाई शाळेआधी तासभर मला रिकाम्या मशीनवर बसू द्यायच्या, आणि पदवीच्या प्रवेशाचा अर्जही त्यांनीच समोर बसवून भरून घेतला. न बघता टाइप करता यावं म्हणून कळांवर त्या रुमाल टाकायच्या. बोट भरकटलं की म्हणायच्या, "ती करंगळीची कळ आहे. तिची तिला राहू दे."

आता मी परळला एका छोट्या कंपनीत प्रोग्राम लिहितो. एकट्याने लिहायला मिळालेला पहिला प्रोग्राम होता भोईवाड्याला कोर्टाजवळ प्रतिज्ञापत्रं टाइप करून देणाऱ्यांसाठी. नेहमी लागणारे परिच्छेद एका चौकटीत साठवलेले. समोर दुसरा कुठलाही प्रोग्राम असला तरी ठरलेल्या कळा दाबल्या की ती चौकट वर यायची, पुन्हा दाबल्या की मिटायची. अशा कळा संगणकाकडे मागून घ्याव्या लागतात. एकदा मिळाल्या की त्या दाबल्याची खबर फक्त आपल्याला येते, बाकी कुणाला नाही. कंट्रोल-ऑल्टसोबत एक, दोन, तीन मागून पाहिले. ऑफिसच्या मशीनवर ते आधीच दुसऱ्या प्रोग्रामांनी घेतले होते. चार मिळाला. मी खूश झालो.

वापरून बघायला एक काका तयार झाले. लालबागच्या चाळीतले, वडील गिरणीत होते. शेजारची टेबलं त्यांच्याकडे बघूनच ठरवणार होती. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "हयसर ये. आत्ता."

गेलो तर टेबलासमोर एक ताई कागद घेऊन उभ्या. त्यांच्या प्रतिज्ञापत्रात 'खोली क्रमांक'पुढे जागा कोरीच होती. कागद परत आला होता, आणि त्यांना कामावरून अर्ध्याच दिवसाची सुट्टी मिळाली होती.

"मेल्या, चार मारूक गेलंय की तुझी चौकट डोक्यार बसता," काका म्हणाले. "माझ्या गिऱ्हायकांनी चार नंबरच्या खोलीत रवाचा नाय काय?"

शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "काका, तीनच्या पुढे डायरेक्ट पाच लिहा ना!"

"तू गप रे." मग माझ्याकडे वळून, "काढून टाक ता. सांजेक माका मशीनवर दिसता नये."

मी म्हटलं, "काढतो. पण आधी एकदा टाइप करून दाखवा."

त्यांनी उजव्या अंगठ्याने उजवा ऑल्ट धरला आणि चार मारला. त्यांच्या मशीनवर मराठी आकडे असेच उमटायचे. आणि तो उजवा ऑल्ट संगणकाला कंट्रोल-ऑल्ट असाच दिसतो. म्हणजे त्यांचा ४ मी काढून घेतला होता. ताईंच्या खोलीचा चव्वेचाळीस लिहिताना चौकट एकदा उघडली, एकदा मिटली, आणि घाईत कोरी जागा त्यांच्या नजरेतून सुटली. मी सगळं इंग्रजीत तपासलं होतं. मराठी टायपिंग शिकून इथवर आलेल्या मला ते सुचलंही नव्हतं.

प्रोग्राम बंद केला. काकांनी ४४ घालून नवा कागद काढला आणि ताई धावतच गेल्या.

"दोन तास द्या, काका."

"दिलंय. पण गिऱ्हायक इला की उठाचा."

स्टुलावर बसून, मधे चार वेळा उठून, मी ते बदललं. आता कळ कुठली हवी ते प्रोग्राम आधी विचारतो. ती दुसऱ्या कुणाकडे असेल तर तसं सांगतो. तिने अक्षर किंवा आकडा उमटत असेल तर ती घेतच नाही. बंद होताना घेतलेली कळ परत देतो.

काकांनी एफ-नऊ निवडली. "थंय माझो हात कधी जाणा नाय." मग ओळभर चार मारले. चौकट आली नाही. एफ-नऊ दाबली, आली.

तेवढ्यात ताई शिक्का पडलेला कागद लांबूनच दाखवत गेल्या.

"रवांदे," काका म्हणाले. "पण उद्या येऊन बघ हां."

त्यांच्याच टेबलावर बसून मी हे पत्र टाइप केलं:

आदरणीय बाई,
सा. नमस्कार.
आज माझं बोट दुसऱ्याच्या कळेवर गेलं होतं. एका ताईंचा अर्धा दिवस वाया जाता जाता राहिला. तुम्ही समोर असतात तर रुमालाखालूनही ओळखलं असतं. कळ ज्यांची त्यांना परत दिली आहे. शेजारच्या टेबलवाल्यांनीही आज प्रोग्राम टाकून मागितला. खालची ओळ सरावाची आहे, बघून घ्या. चूक दिसली तर लाल खूण करून परत पाठवा, मी पुन्हा काढीन.
४४४४ ४४४४ ४४४४
तुमचा विद्यार्थी